कोकणातली घरची वेधशाळा

पेणला आमच्या घराच्या गच्चीवर एक आणि रोह्याजवळ मेहुण्यांच्या वाडीत एक, अशा दोन छोट्या वेधशाळा आम्ही उभ्या केल्या. दोन्हीकडून तेजोमेघांचे आणि तारकागुच्छांचे फोटो काढतो. माझं ठाम मत असं झालंय, की कोकणात सामान निवडताना आकाशाच्या आधी हवेचा विचार करावा.

१. पैसे आधी माउंटवर, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीवर घाला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला सरकतो. ४०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलमध्ये जवळपास २ विकला मावतात. म्हणजे एका सेकंदात तारा सात-आठ पिक्सेल पुढे गेलेला असतो आणि आपल्याला एक्सपोजर तर काही मिनिटांचं द्यायचंय. ते सांभाळायचं काम माउंट आणि गाइड कॅमेऱ्याचं. दुर्बीण ७०-८० मिमीची असली तरी सुंदर फोटो येतात. डळमळत्या माउंटवर मात्र कितीही मोठी दुर्बीण वाया जाते.

२. अक्षांश विचारून खरेदी करा, कारण माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने रोखावा लागतो. पेणहून ध्रुवतारा साधारण १८.७ अंशांवर दिसतो, रोह्याहून १८.४. काही माउंट २० अंशांच्या खाली झुकतच नाहीत. काहींचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. रोह्याजवळच्या अवचितगडाच्या डोंगराला अगदी खेटून घर असेल, तर ध्रुवतारा दिसतो का हे आधी बघून घ्या. याच कमी अक्षांशाचं एक सुखही आहे. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ एप्रिल-मेच्या रात्री आपल्याकडे दक्षिणेला जवळपास २४ अंश वर येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना तो घरून दिसतच नाही.

३. माउंटचा खांब घराच्या कॉलमच्या डोक्यावरच घ्या. स्लॅबच्या मधोमध उभा केला, तर कुणी गच्चीवर चाललं तरी तारे लांबट येतात. वाडीत जमिनीवर बांधताना खांबाचा पाया आणि खोलीची फरशी यांच्यात फट ठेवा.

४. खरी लढाई ओलाव्याशी. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत पावसाळ्यात मूर्ती वाळवताना जी काळजी घेतात, तीच काचेची घ्यावी लागते. हवेतली आर्द्रता सतत ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की भिंगावर बुरशी धरते. तिचे तंतू जाळ्यासारखे पसरतात आणि पुसून गेले तरी काचेवरच्या लेपावर खुणा राहू शकतात. म्हणून दुर्बीण, फिल्टर, आयपीस हवाबंद पेटीत ठेवा आणि पेटीत आर्द्रतामापक हवाच. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी पडले की तापवून पुन्हा वापरता येतात. हिवाळ्यात वेगळीच गंमत: थंडी बेताची असली तरी दव भरपूर. रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी तर पहाटे धुकं उतरतं. भिंगाच्या कडेला गरम पट्टा गुंडाळा आणि दव धरायच्या आधीच चालू करा.

५. कॅमेरा शीतकरणाचा घ्या, ऐपत असेल तर. सेन्सरचं तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की अंधारातला विद्युतप्रवाह दुप्पट होतो आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये मध्यरात्रीही २५ अंशांच्या पुढे असतं. झाकण लावून घ्यायच्या डार्क फ्रेम त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळाच्या घ्या.

६. उजेडाची दिशा ओळखा. पेणहून पनवेल-मुंबईचा उजेड उत्तरेला, डोलवीकडचा पश्चिमेच्या बाजूला. रोह्याला धाटावची औद्योगिक वसाहत. अशा आकाशात हायड्रोजन-अल्फाचा, ६५६.३ नॅनोमीटरचा अरुंद फिल्टर फार कामाला येतो. आकाशगंगा मात्र त्याने वाचत नाहीत. त्यांच्यासाठी काळोखी जागाच गाठावी लागते.

७. सरकतं छप्पर घुमटापेक्षा स्वस्त आणि सोपं. पण ते वाऱ्याने उचललं जाणार नाही अशा कड्या आणि बोल्ट हवेत, तेही स्टेनलेस स्टीलचे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात किती घरांचे पत्रे उडाले, ते आपण पाहिलंय. सूर्यास्ताच्या आधी छप्पर उघडा, म्हणजे आतली गरम हवा निघून जाते.

आता बांधायला घेणार असाल, तर एक विनंती. उन्हाळ्यात खोली पुरी करा आणि एक अख्खा पावसाळा ती रिकामी ठेवा. कुठे गळतं, कुठून झड आत येते, ते सप्टेंबरपर्यंत कळतं. दुर्बीण ऑक्टोबरमध्ये आणा.