जहाजावर पैठणी चालेल का?

प्रश्न : मुलाने आम्हा दोघांचं साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क 'क्वीन मेरी २'चं बुकिंग केलंय. तिथे 'गाला इव्हिनिंग'ला म्हणे टक्सिडो आणि गाऊन लागतो. आता या वयात हे कुठून शिवायचं?

उत्तर : काही शिवू नका. क्युनार्ड कंपनीच्या नियमात आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही बसतो. तुमची पैठणी आणि यजमानांचा काळा बंदगळा एकदम योग्य. सात रात्रींच्या सफरीत अशा संध्याकाळी साधारण दोनच असतात. दुसऱ्या दिवशी हलकी रेशमी साडी नेसा. अटलांटिकमध्ये जहाज डुलतं, म्हणून उंच टाचा नकोत. निऱ्या नेहमीपेक्षा बोटभर वर घेऊन पिन लावा, म्हणजे जिन्यात पायात येणार नाहीत. डायनिंग हॉलमध्ये एसीचा गारवा असतो, शाल हाताशी ठेवा. घरची इस्त्री नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये ती चालत नाही. जहाजावरच्या लाँड्रीत इस्त्रीची सोय आहे. आणि एखाद्या संध्याकाळी नटायचा कंटाळा आला, तर बुफेत साध्या, नीटनेटक्या कपड्यांत खुशाल जेवा.