टाइम झोनच्या यादीत मुंबई का नाही?

लिनक्स इन्स्टॉल करताना टाइम झोनची पायरी आली की हॉस्टेलमध्ये कुणीतरी हमखास ओरडतं, ‘‘अरे, यात मुंबईच नाही!’’ अनेक इन्स्टॉलरमध्ये ‘एशिया’ उघडून खाली सरकत जा, कोलकाता सापडतं. मुंबई नाही, ठाणे नाही, आणि माझ्या दिव्याचा तर प्रश्नच नाही. मग कंटाळून सरळ ‘नेक्स्ट’ दाबलं जातं. मित्रांनो, हे असं का होतं आणि आपण सॉफ्टवेअर लिहू तेव्हा ते सोपं कसं करायचं, ते पाहू.

यादी अशी का?

बहुतेक सिस्टिम्स ‘टीझेड डेटाबेस’ वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो १९८० च्या दशकात सुरू केला. त्याचा नियम साधा आहे. १९७० पासून ज्या भागांतली घड्याळं सारखी चालली, त्यांचा एकच झोन, आणि त्याला नाव सहसा तिथल्या मोठ्या शहराचं. भारतभर एकच वेळ, म्हणून एकच नाव: ‘एशिया/कोलकाता’. २००८ पर्यंत ते ‘एशिया/कलकत्ता’ होतं. जुनं नावही चालतं.

पण १९७० च्या आधी मुंबईचं घड्याळ खरंच वेगळं होतं! १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे मिर्झापूरजवळून मोजतात. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. दिवा साधारण ७३ अंशांवर, म्हणजे फरक साडेनऊ अंशांचा. गुणाकार करा: ३८ मिनिटं. मुंबई आणखी थोडी पश्चिमेला, म्हणून ‘मुंबई टाइम’ ३९ मिनिटं मागे. महापालिकेने तो पुढेही बरीच वर्षं सोडला नाही. दिव्यावरून मुंबईला जाणारी गाडी प्रमाणवेळेवर आणि शहरातली पालिकेची घड्याळं मुंबई टाइमवर. ‘कुठल्या टाइमचे दहा?’ हे तेव्हा माणसांना विचारावं लागे. आज तेच सॉफ्टवेअर विचारतं, फक्त नीट विचारत नाही.

चुकलं तर काय बिघडतं?

माझ्या रूममेटने बाहेरच्या एका कंपनीच्या इंटर्नशिपसाठी ऑनलाइन स्लॉट घेतला. सकाळी दहाचा. फॉर्ममधला झोन आधीपासून ‘यूटीसी’वर होता, आणि तो पानाच्या पार तळाशी बारीक अक्षरात. बिचारा दहाला शर्ट इस्त्री करून बसला, कुणीच आलं नाही. यूटीसीचे दहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन. तेव्हा तो प्रॅक्टिकलला होता. नावापुढे ‘गैरहजर’ लागलं आणि संधी गेली. त्याला प्रोग्रामिंग उत्तम येतं हो, पण ते कुणी विचारलंच नाही.

मग करायचं काय?

१) विचारण्याआधी अंदाज करा. कॉम्प्युटरवर लावलेला झोन ब्राउझरला माहीत असतो. जावास्क्रिप्टमध्ये तो एका ओळीत मिळतो.

२) आधी देश विचारा. कुठल्या देशात कोणते झोन, याचा तक्ता डेटाबेसमध्येच आहे. ‘भारत’ म्हटलं की एकच उरतो, पुढचा प्रश्न गाळून टाका.

३) शोधायची सोय द्या. मुंबई, बॉम्बे, ठाणे, दिवा, काहीही टाइप केलं तरी बरोबर झोन यायला हवा. माणसाला आपलं गाव माहीत असतं, डेटाबेसचे नियम नाही.

४) घड्याळ दाखवा. ‘तुमच्याकडे आत्ता रात्रीचे ९.४० वाजलेत ना?’ याचं उत्तर माझी आजीसुद्धा देईल. ‘यूटीसी अधिक ५.३०’ वाचून ती चष्मा पुसत बसेल.

५) साठवताना झोनचं नाव साठवा, नुसता फरक नको. न्यूयॉर्क यूटीसीच्या हिवाळ्यात ५ तास मागे, तर उन्हाळ्यात ४. आज बरोबर असलेला आकडा सहा महिन्यांनी चुकतो. ‘आयएसटी’वरही विसंबू नका, इस्रायल आणि आयर्लंडही तीच अक्षरं वापरतात.

प्रोजेक्टची सेटअप स्क्रीन तयार झाली की ती आपल्या ग्रुपला दाखवू नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं. मेसमधल्या काकांना दाखवा. ते न विचारता पुढे गेले, आणि घड्याळही बरोबर लागलं, तर समजा जमलं!