नदीचे मूक साक्षीदार

इतिहासाचा अभ्यासक निष्कर्षापूर्वी साधने तपासतो. नदी प्रदूषित आहे काय, हे ठरवतानाही हीच शिस्त आवश्यक आहे. बाटलीतील पाण्याचा नमुना केवळ त्या क्षणाची साक्ष देतो. रात्री सोडलेले सांडपाणी पहाटेपर्यंत वाहून गेले, तर दुपारचा नमुना निर्दोष ठरू शकतो. परंतु तळाच्या दगडांखाली कित्येक आठवडे, काही जाती तर वर्षभर, वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या जे घडले ते सोसतात किंवा नष्ट होतात. त्यांचे असणे-नसणे हेच नदीचे दप्तर होय.

जर्मनीतील कोल्कविट्झ व मार्सन यांनी १९०८-०९ मध्ये सेंद्रिय प्रदूषणाच्या पायऱ्यांनुसार जलजीवांची वर्गवारी मांडली. पुढे ब्रिटनमध्ये जलजीवांच्या कुळांना १ ते १० गुण देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तिचा आधार घेतला आहे. एकूण गुणांना कुळांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते. ती जितकी अधिक, तितके पाणी निर्मळ.

गुणांमागील कारण प्राणवायू हे आहे. दोन शेपट्यांची स्टोनफ्लायची अळी भरपूर प्राणवायूविना जगत नाही. तिच्या अनेक कुळांना १० गुण आहेत. मेफ्लायच्या अळीला बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडांना कल्ले असतात. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या वाळूचे कण जोडून घर बांधतात. याउलट, कायरोनोमस माशीच्या लाल अळीच्या अंगात हिमोग्लोबिन असल्याने ती गुदमरलेल्या चिखलातही तग धरते. तिच्या कुळाला २ गुण आहेत. जेथे केवळ तिचीच दाटी, तेथे सांडपाण्याचा संशय बळावतो.

मात्र एका साक्षीवरून निवाडा करू नये. मंद, उष्ण प्रवाहात स्टोनफ्लाय स्वभावतःच विरळ असते आणि पावसाळी पुरात अळ्या वाहून जातात. म्हणून पूर ओसरल्यावर, एकाच नदीच्या सारख्याच उथळ प्रवाहात, नाला मिळण्याच्या वर आणि खाली पाहणी करून तुलना करावी. पाणी पिण्यायोग्य आहे, हेही अळ्यांवरून ठरत नाही. रोगजंतूंसाठी प्रयोगशाळाच हवी.

प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या हाती तपासणीचे अहवाल क्वचितच पडतात. जाळी, पांढरे ताट, भिंग आणि वही मात्र कोणत्याही शाळेला परवडते. मोठ्यांच्या देखरेखीखाली अळ्या मोजाव्यात, दिनांक व ठिकाण लिहावे आणि जीव पुन्हा पाण्यात सोडावेत. वर्षानुवर्षे जपलेली अशी नोंद तक्रारीचे रूपांतर पुराव्यात करते, आणि पुराव्यासह विचारलेला प्रश्न सहजासहजी टाळता येत नाही.