मशीनचा लाल दिवा काय सांगतो?

गटाचा उद्योग : साउंड सेट भाड्याने देणाऱ्या गटांसाठी पाठ



आपल्यातल्या काही गटांनी मंडप, खुर्च्या आणि भांड्यांबरोबर साउंड सेटही भाड्याने द्यायला सुरुवात केली आहे. हळद, बारसं, ग्रामसभा, सप्ताह, गणपती, काही ना काही चालूच असतं. पण या धंद्यात एक धोका आहे. ताट हरवलं तर एक ताट जातं. मशीन जळालं तर कर्जाचे हप्ते तसेच राहतात आणि कमाई मात्र थांबते.

एका गटाची गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. हळदीचा कार्यक्रम रंगात आला होता. पोरांनी आवाज वाढवायला लावला. मशीनवर एक लाल दिवा सारखा पेटलेला होता. ताईंना तो दिसत होता, पण त्यांना वाटलं, दिवा लागलाय म्हणजे मशीन चालू आहे. थोड्या वेळाने स्पीकरमधून झांजा ऐकू येईनात, गाण्याचे शब्द कळेनात, नुसतं ढबढब राहिलं. बारीक आवाजाचे दोन्ही युनिट जळाले होते. त्या हळदीचं भाडं दुरुस्तीत गेलंच, पुढच्या दोन कार्यक्रमांचंही गेलं. वर ऐकून घ्यावं लागलं, "बायकांना मशीनमधलं काय कळतंय!"

कळतं. दूध उतू येताना आपल्याला कळतं, कुकरची शिट्टी अडकली तर कळतं, तसं हेही कळतं. मशीन बोलत असतं, आपण त्याचे दिवे वाचायला शिकायचं.

आधी दिव्यांना मराठी नाव द्या

आपण ज्याला मशीन म्हणतो ते ॲम्प्लिफायर. माईकचा किंवा मोबाईलचा बारीकसा सिग्नल मोठा करून स्पीकरला ताकद देणं हे त्याचं काम. त्याच्या पुढच्या बाजूला छोटे दिवे असतात आणि त्यांची नावं इंग्रजीत असतात. कंपनीप्रमाणे दिव्यांची संख्या आणि रंग बदलतात. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. आणि ‘पी’ अक्षर बघून ओळखू म्हणाल, तर पॉवर आणि प्रोटेक्ट दोन्ही ‘पी’नेच सुरू होतात.

सोपा उपाय करा. गटातल्या कुणाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा, तिच्याकडून प्रत्येक नाव वाचून घ्या आणि दिव्याखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर मराठीत लिहा. साधारण हे चार दिवे सापडतील :

१. पॉवर : मशीनला लाईट मिळाली.
२. सिग्नल : आवाज मशीनपर्यंत पोहोचला. हा गाण्याबरोबर लुकलुकतो. लुकलुकला तर चांगलंच.
३. क्लिप, पीक किंवा लिमिट : आवाज मशीनच्या कुवतीच्या टोकाला गेला.
४. प्रोटेक्ट : मशीनने स्वतःला किंवा स्पीकरला वाचवण्यासाठी काम थांबवलं.

काही मशीनला गरमीसाठी ‘टेम्प’ नावाचा वेगळा दिवा असतो. जुन्या, साध्या मशीनला प्रोटेक्टचा दिवाच नसतो. तिथे फ्यूज हाच राखणदार.

क्लिपचा दिवा : "आता पुरे"

पाच लिटरच्या कळशीत सहा लिटर पाणी ओतलं तर वरचं सांडतं. मशीनचंही तसंच. त्याच्या कुवतीपेक्षा जास्त आवाज मागितला की आवाजाची वरची टोकं कापली जातात. ऐकायला आवाज फाटल्यासारखा, खरखरीत येतो. असा कापलेला आवाज स्पीकरला फार तापवतो. बारीक आवाजाचं युनिट नाजूक असतं, ते सगळ्यात आधी जळतं. वरच्या गोष्टीत हेच झालं.

मग नियम काय? ढोलाच्या जोरदार ठोक्याला दिवा क्षणभर चमकून गेला तर चालतं. ठोक्याठोक्याला लागायला लागला की आवाज थोडा कमी करा. सलग पेटून राहिला तर लगेच कमी करा, कुणाला विचारत बसू नका.

आणखी एक ध्यानात ठेवा. मिक्सरवरही असाच लाल दिवा असतो. मिक्सरचा दिवा लागला असेल तर मशीनचं बटण कमी करून उपयोग नाही. आवाज तिथेच फाटलेला असतो, मशीन तोच फाटका आवाज पुढे पाठवतं. म्हणून आधी मिक्सर बघा, मग मशीन बघा.

प्रोटेक्टचा दिवा : "मी थांबलो"

पुष्कळ मशीनवर चालू केल्याबरोबर प्रोटेक्टचा दिवा काही सेकंद लागतो, आतून ‘टक्’ असा आवाज येतो आणि दिवा विझतो. याला घाबरू नका. सुरुवातीचा झटका स्पीकरला बसू नये म्हणून मशीन थोडं थांबून मगच स्पीकर जोडतं. पण दिवा विझलाच नाही, किंवा चालू कार्यक्रमात लागला आणि आवाज बंद झाला, तर कारण शोधायचं. नेहमीची कारणं चार :

वायर शॉर्ट होणे. स्पीकरच्या वायरीच्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. वायर खुर्चीच्या पायाखाली, मंडपाच्या खांबाखाली किंवा गाडीच्या चाकाखाली चेंगरते. कधी जोडणीच्या जागी तांब्याची एक केसाएवढी तार बाहेर राहून शेजारच्या तारेला लागते.

जास्त स्पीकर जोडणे. याचा हिशोब पुढे सांगते.

गरम होणे. जाळीत धूळ बसली, मशीन उन्हात ठेवलं, चादरीवर किंवा गादीवर ठेवून हवा कोंडली.

आतला बिघाड. मशीनच्या आतलं काही खराब झालं आणि सरळ वीज स्पीकरकडे जायला लागली, तर स्पीकर जळू नये म्हणून मशीन त्याला तोडून टाकतं.

दिवा लागला तर काय करायचं?

बंद-चालू, बंद-चालू करत बसू नका. कुणीतरी हमखास सांगतं, "दोनदा बंद-चालू करा, होतंय." कारण तसंच राहिलं तर दर वेळी मशीनला पुन्हा तोच मार बसतो. त्याऐवजी ही पायरी-पायरीची पद्धत पाठ करा :

पहिली पायरी : आवाज पूर्ण खाली करा. मशीनच्या अंगाला हात लावून बघा. फार गरम असेल, टेम्पचा दिवा लागला असेल आणि पंखा फिरत असेल, तर मशीन बंद करू नका. आवाज शून्यावर ठेवून पंखा चालू द्या, म्हणजे ते लवकर थंड होईल. जाळीसमोरची अडचण काढा, सावलीत घ्या.

दुसरी पायरी : गरम नसेल तर मशीन बंद करा. मागच्या बाजूच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा.

तिसरी पायरी : एकही स्पीकर न जोडता मशीन चालू करा आणि दिवा विझेपर्यंत थोडं थांबा.

चौथी पायरी : दिवा विझला, तर मशीन ठीक आहे, दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. मशीन बंद करा, एक स्पीकर जोडा, चालू करा, थोडा आवाज देऊन बघा. मग पुन्हा बंद करून दुसरा जोडा. ज्या वायरीला दिवा परत लागेल तिथे दोष. ती वायर बदलून बघा. तरी लागला तर तो स्पीकर बाजूला ठेवा आणि बाकीच्यांवर कार्यक्रम पुढे न्या.

पाचवी पायरी : एकही स्पीकर नसताना दिवा तसाच राहिला, तर दोष मशीनच्या आत आहे. पिन काढा आणि मेकॅनिककडे द्या. झाकण उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते आणि जोराचा शॉक बसू शकतो.

किती स्पीकर जोडायचे?

स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ असं लिहिलेलं असतं. ओहम म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. टाकीला एक नळ असेल तर पाणी बेताने जातं. नळ वाढवत गेलं की टाकी भराभर रिकामी होते. स्पीकरचंही असंच. एकाला दुसरा जोडत गेलं की अडवणूक कमी होते आणि मशीनवरचा ताण वाढतो.

८ ओहमचा एक स्पीकर : ८ ओहम.
असे दोन शेजारी-शेजारी जोडले : ४ ओहम.
असे चार जोडले : २ ओहम.

मशीनच्या मागे ‘कमीत कमी ४ ओहम’ असं लिहिलं असेल तर त्या एका बाजूला ८ ओहमचे दोनच स्पीकर. तिसरा जोडायचा नाही, नवरदेवाचा मामा आला तरी नाही. दोन बाजूंच्या मशीनला मागे ‘ब्रिज’ नावाचं बटण असतं. माहीत नसेल तर त्याला हात लावू नका. ब्रिजवर ठेवलं की कमीत कमी ओहमची मर्यादा दुप्पट होते, म्हणजे ४ ची ८.

भोंग्याच्या मशीनला बऱ्याचदा ‘१०० व्होल्ट’ अशी वेगळी जोडणी असते. लांबवर वायर न्यायची असेल तर तीच वापरतात. त्यासाठी प्रत्येक भोंग्याला त्याचा ट्रान्सफॉर्मर हवा. इथे ओहम नाही, वॅट मोजायचे. मशीन २५० वॅटचं आणि भोंगा ३० वॅटवर लावलेला असेल, तर सात भोंग्यांचे २१० होतात, चालेल. नऊचे २७० होतात, चालणार नाही. थोडी जागा नेहमी शिल्लक ठेवा. साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टला कधीही जोडू नका. आणि मशीन चालू असताना त्या जोडणीच्या उघड्या तारांना हात लावू नका, शॉक बसतो.

फ्यूज आणि लाईट

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. दोन-चार फ्यूज पेटीत ठेवा, स्वस्त असतात. तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज पाच-दहा रुपयांचा, त्याने वाचवलेलं मशीन हजारोंचं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा घालू नका, मेकॅनिककडे जा.

पिनेचा तिसरा जाड पाय म्हणजे अर्थिंग. तो तोडू नका. माईक हातात धरल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर कार्यक्रम थांबवा आणि अर्थिंग तपासून घ्या. आकडा टाकून मशीन चालवायचं नाही. मंडपातले बल्ब एकाएकी फार प्रखर झाले तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. लगेच मशीनची पिन काढा. जनरेटर असेल तर आधी जनरेटर सुरू करा, तो स्थिर होऊ द्या, मग मशीन.

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी मशीन. बंद करताना आधी मशीन, मग मिक्सर. मशीन शेवटी चालू आणि आधी बंद, एवढं पाठ केलं तरी स्पीकरचे झटके वाचतात.

पावतीवर लिहून घ्या

सगळं कळलं तरी खरी परीक्षा असते ती "आवाज वाढवा" म्हणणाऱ्या गर्दीसमोर. तिथे एकट्या ताईने भांडू नये, तिच्यामागे गटाचा ठराव असावा. बैठकीत ठराव करा आणि भाड्याच्या पावतीवर तीन अटी छापा :

१. आवाजाचं बटण गटाच्या ऑपरेटर ताईच्या हातात राहील. लाल दिवा पेटला की ती आवाज कमी करेल.
२. गटाने दिलेल्या स्पीकरशिवाय दुसरा स्पीकर मशीनला जोडायचा नाही. जोडून नुकसान झाल्यास भरपाई भाड्याने घेणाऱ्याची.
३. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. सरकारने वर्षातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट दिली असेल तेवढीच.

आणि एक ‘मशीनची वही’ ठेवा. तारीख, कार्यक्रम, किती स्पीकर लावले, कोणता दिवा लागला, काय केलं, कुणी केलं. महिन्यातून एकदा जाळीची धूळ ब्रशने काढा आणि तीही नोंद करा. मेकॅनिककडे जाताना वही बरोबर न्या. ‘काहीतरी बिघडलंय’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि ‘स्पीकर काढले तरी प्रोटेक्ट जात नाही’ म्हणणाऱ्या ताईला मेकॅनिक एकसारखं उत्तर देत नाही, हे तुमच्याच लक्षात येईल.

पुढच्या बैठकीत करा

मशीन बैठकीत आणा. प्रत्येकीने एकदा स्वतः चालू-बंद करायचं, फक्त सेक्रेटरीने नाही. मग चर्चा करा :

१. आपल्या मशीनवर किती दिवे आहेत? त्यांची मराठी नावं लिहिली का?
२. मागे कमीत कमी किती ओहम लिहिले आहेत? आपण आजवर किती स्पीकर जोडत आलो?
३. भर कार्यक्रमात प्रोटेक्ट लागला तर पहिली पायरी कोणती?
४. कर्जाचा हप्ता चालू असताना मशीन महिनाभर बंद पडलं, तर हप्ता कुठून भरणार? त्यासाठी प्रत्येक भाड्यातून दुरुस्तीला किती बाजूला ठेवायचं?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर ठरल्याशिवाय बैठक उठवू नका.