फिरोजशाह कोटल्यातील पाषाणस्तंभ

दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यात एका दगडी इमारतीच्या माथ्यावर सुमारे १३ मीटर उंचीचा एक अखंड पाषाणस्तंभ उभा आहे. हा मूळचा दिल्लीचा नव्हे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो हरियाणातील टोपरा गावाहून येथे आणविला. शम्स-इ-सिराज अफीफ या इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. स्तंभ प्रथम सावरीच्या कापसाच्या ढिगावर अलगद आडवा केला. मग त्यास बोरू व कच्चे कातडे गुंडाळून बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढविले, आणि पुढे यमुनेतून नावांवर वाहून आणले.

स्तंभ आला, परंतु त्यावरील अक्षरे वाचणारा कोणी मिळेना. सुलतानाने बोलाविलेले पंडितही निरुत्तर झाले. लोक त्यास भीमाची काठी म्हणत. सतराव्या शतकात टॉम कोरिएट या इंग्रज प्रवाशास तर तो शिकंदराने उभारलेला पितळी खांब वाटला. दगडाची झिलईच तशी होती!

इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा शांपोल्यों याने १८२२ मध्ये केला, तेव्हा त्याच्यापाशी रोझेट्टाची शिला होती. तिच्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला असून त्यांतील ग्रीक विद्वानांस वाचता येत होती. या स्तंभास असा दुभाष्या लाभला नव्हता. मग वाट कशी सापडली?

कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपावरील छोट्या लेखांचे ठसे पाहत होता. बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात, हे त्याच्या ध्यानी आले. हे लेख भाविकांच्या देणग्यांचे असतील, तर शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे, असे अनुमान त्याने केले. त्यावरून 'द' व 'न' ही अक्षरे निश्चित झाली आणि लवकरच सारी ब्राह्मी लिपी उकलली.

स्तंभावर 'देवांचा प्रिय प्रियदर्शी' असा राजाचा उल्लेख निघाला. हा प्रियदर्शी म्हणजे सम्राट अशोक, हे सिंहलद्वीपाच्या पाली ग्रंथांवरून जॉर्ज टर्नर याने त्याच वर्षी दाखवून दिले. पुढे १९१५ मध्ये मस्की येथील शिलालेखात 'अशोक' हे नावच आढळले.

वाटसरूंसाठी वड लावले, विहिरी खोदविल्या, असे राजा या स्तंभावर सांगतो. हा लेख चिरकाल टिकावा म्हणून तो दगडावर कोरावा, अशीही त्याची आज्ञा आहे. दगड टिकला, वाचण्याची परंपरा मात्र मध्यंतरी तुटली, म्हणून हे शब्द कित्येक शतके मुके राहिले. लिपी शिकविणारा गुरू आणि ती शिकणारा शिष्य असेल, तरच शिलालेख खरा अक्षय होतो.