दाबायचं तर अकरा जणांनी

प्रेसिंग शिकवायला घेणाऱ्या प्रशिक्षकाला मी आधी एकच विचारतो. तुमचा फॉरवर्ड समोरच्याच्या अंगावर धावून जातो, तेव्हा तुमचा स्टॉपर कुठे उभा असतो? बहुतेकांना चटकन सांगता येत नाही, कारण सगळ्यांची नजर बॉलवर आणि धावणाऱ्या पोरावर असते. मी स्वतः स्टॉपर म्हणून खेळलो. पुढचे तिघे एकटेच धावू लागले की काय होतं, हे मी मागून पाहिलं आहे.

कोल्हापुरात पेठेच्या संघातून खेळत होतो तेव्हाची गोष्ट. एका मोसमात आम्हाला नवे प्रशिक्षक मिळाले. रात्र रात्र जागून युरोपातले सामने पाहणारे, मनापासून झटणारे गृहस्थ. त्यांनी आघाडीच्या तिघांना सांगितलं, समोरच्या बॅकना श्वास घेऊ द्यायचा नाही. मागच्यांनी काय करायचं, यावर मात्र काहीच बोलणं झालं नाही. उपांत्य सामन्यात सुरुवातीला आमच्या पोरांनी समोरच्यांची दाणादाण उडवली. आम्ही एका गोलने पुढे गेलो. गॅलरीतून "जा की अंगावर!" हा ओरडा थांबत नव्हता.

उन्हाचे दिवस होते. मध्यंतरानंतर तिघेही दमले, तरी धावतच राहिले. हाफमधले दोघे त्यांच्या मागे जावं की आमच्यापाशी थांबावं, या विचारात अधांतरी राहिले. आम्ही मागचे चौघे डोक्यावरून बॉल जाईल या धास्तीने पाऊल पाऊल मागे सरकत पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी आलो. मधलं मैदान ओस पडलं. तिथे त्यांच्या हाफला बॉल मिळाला. त्याने तो पायाखाली घेतला, वळला, मान वर केली. जवळपास कुणीच नव्हतं. माझ्या दोन्ही बाजूंना त्यांचे दोन फॉरवर्ड सुटायच्या तयारीत उभे होते. पुढे जावं तर बॉल माझ्या मागे जाणार, थांबावं तर तो आणखी आत येणार. मी अर्धाच पुढे गेलो आणि बॉल माझ्या डाव्या पायाजवळून आरपार गेला. बरोबरी झाली. त्यानंतरचे दोन गोलही त्याच मोकळ्या जागेतून आले. सामना गेला आणि बोल लागला तो मागच्या चौघांना.

पुढे मी सतरा वर्षांखालच्या मुलांना शिकवू लागलो. तेव्हापासून जे पदरात पडलं, ते इथे मांडतो.

आधी अंतर, मग धाव

आरिगो साक्की १९८७ मध्ये एसी मिलानचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघाने १९८९ आणि १९९० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला. आपल्या शेवटच्या बचावपटूपासून पुढच्या फॉरवर्डपर्यंत साधारण २५ मीटरच अंतर असावं, असा त्यांचा आग्रह होता. मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब असतं. त्यातल्या पंचवीस-तीस मीटरच्या पट्ट्यात दहा जण असले, तर धावणाऱ्याच्या मागे दुसरा पाच-सात पावलांवर हजर असतो. पट्टा पन्नास मीटरचा झाला, की तीच धाव वाया जाते.

म्हणून माझ्या सरावाची सुरुवात धावण्याने होत नाही. मी हातात बॉल घेऊन मैदानभर चालतो आणि दहाही जणांनी माझ्याबरोबर सरकायचं. मी उजवीकडे गेलो की सगळे उजवीकडे, मी मागे वळलो की सगळे वर. मध्येच "थांब" म्हणतो आणि प्रत्येकाला आपल्या पुढच्या, मागच्या आणि शेजारच्याकडे पाहायला लावतो. मागच्या चौघांच्या हाती एकच दोरी देतो. दोन खेळाडूंमध्ये आठ-दहा मीटर सोडायचे. एक जण हलला नाही की दोरी ताणली जाते आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. पोरांना हा सराव कंटाळवाणा वाटतो. तरीही तो घ्याच.

धावायचं कधी

दाबायचे इशारे आधी ठरलेले असावेत. समोरच्याचा पहिला स्पर्श फसला, बॉल उसळला, पाठमोऱ्या खेळाडूकडे पास गेला, किंवा साइडलाइनला चिकटलेल्या बॅककडे संथ पास निघाला, की निघायचं. टचलाइन कुणाला पास देत नाही, त्यामुळे तिथे कोंडीत पकडणं सोपं जातं. बॉल हरवल्यावरची पहिली पाच-सहा सेकंदंही अशीच मोलाची असतात. समोरचा तेव्हा अजून सावरलेला नसतो. पेप ग्वार्दिओलांची बार्सिलोना नेमकी याच सेकंदांत तुटून पडायची, आणि जमलं नाही तर माघारी येऊन रांग धरायची.

समोरच्याकडे बॉल ताब्यात आहे, मान वर आहे आणि आपण दहा पावलं लांब आहोत, तर जायचं नाही. हेही शिकवावं लागतं, कारण पोरांना थांबणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो.

पहिला, दुसरा आणि लांबचा

पहिल्याने बॉल जिंकायलाच हवा असं नाही. समोरच्याची मान खाली घालायला लावली की त्याचं काम झालं. सुरुवातीला वेगाने जायचं, शेवटच्या दोन-तीन मीटरात पावलं आखडायची, अंग थोडं तिरकं ठेवायचं आणि पाय टाकून झोकून द्यायचं नाही. सरळ न जाता जरा वळसा घेऊन गेलं, तर मागे उभ्या हाफकडे जाणारा पास आपल्या अंगानेच बंद होतो. दुसऱ्याने जवळचा पास धरायचा. बहुतेक बॉल तोच जिंकतो. लांबच्या बाजूच्या बॅक आणि विंगरने आपला कोपरा सोडून मध्यभागी यायचं. तिकडचा प्रतिस्पर्धी मोकळा दिसतो, पण दाबाखाली असलेल्या खेळाडूला चाळीस मीटरचा पास नीट मारणं अवघड जातं. तो निघालाच, तर बॉल हवेत असेपर्यंत आपल्याला सरकायला वेळ मिळतो.

मागची फळी

बॉल असलेल्यावर दाब आहे, तर फळी वर येते. दाब नाही आणि त्याचा पाय मारायला मागे गेला, तर फळी खाली धावते. हा निर्णय चौघांनी एकाच वेळी घ्यायचा आणि आवाज एकाचाच हवा. मी तो स्टॉपरला देतो, कारण सगळं मैदान त्याच्या पुढ्यात असतं. "वर", "थांब", "मागं" एवढेच तीन शब्द. गोलकीपरने गोलरेषेला चिकटून न राहता पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत पुढे यायचं, म्हणजे मागे पडलेला बॉल तो उचलतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध टॉटनहॅमच्या दोघांना लाल कार्ड मिळालं, तरी त्यांनी बचावफळी मध्यरेषेजवळच ठेवली. बराच वेळ त्यांनी झुंज दिली, पण पास देणाऱ्यावर दाब टाकायला माणसंच उरली नव्हती. मागून सुटणाऱ्या निकोलस जॅक्सनने तीन गोल केले आणि सामना ४-१ असा गेला. त्यात आणखी एक नियम पोरांना पक्का ठाऊक हवा: पास निघतो त्या क्षणी स्वतःच्या अर्ध्या मैदानात असलेला खेळाडू ऑफसाइड होत नाही. मध्यरेषेवर उभ्या असलेल्या फळीला पंचांचा आधार मिळणार नाही.

आपल्या मैदानांचा हिशेब

स्थानिक स्पर्धांत अनेक संघ मागून छोटे पास खेळतच नाहीत. गोलकीपर किंवा बॅक सरळ लांब मारतो. अशा संघाच्या बॅकवर तिघांना पळवणं म्हणजे शक्तीची नासाडी. तिथे बॉल जिथे पडतो, तिथे सगळ्यांनी मिळून दाबावं. एकाने हेडर घ्यायचा, एकाने त्याच्या मागे राहायचं आणि उरलेल्यांनी त्या दुसऱ्या बॉलभोवती गोळा व्हायचं.

एप्रिल-मेच्या उन्हात नव्वद मिनिटं दाबणं शरीराला झेपत नाही. हप्ते ठरवा: सुरुवातीची दहा मिनिटं, मध्यंतरानंतरची काही मिनिटं, समोरच्याचा थ्रो त्यांच्याच कोपऱ्यात असेल तेव्हा. उरलेल्या वेळी मध्यरेषेच्या अलीकडे एकत्र उभं राहायचं. आघाडीचा एक दमला असेल तर बदला. एकाच्या थकव्याने सगळ्यांचं अंतर बिघडतं.

सरावात काय घ्यावं

साक्की सरावात गोलकीपर आणि चार बचावपटू विरुद्ध दहा जण असा खेळ घेत. दहा जणांत रूड गुलिट आणि मार्को व्हान बास्टेनसारखे खेळाडू असत, तरी पाच जण नीट रचून उभे राहिले की गोल करणं त्यांना जड जाई. आपल्या मुलांना सहा विरुद्ध आठ, अर्ध्या मैदानावर, हा खेळ पुरेसा आहे. पूर्ण मैदानावर खेळताना मी एक अट घालतो: गोल झाला त्या वेळी आपले दहाही जण मध्यरेषेपलीकडे असतील तरच तो धरायचा. बॅक आपोआप वर येतात.

गोल खाल्ल्यावर शेवटच्या बचावपटूला फैलावर घेण्याआधी तीन-चार पास मागे जा. एकटा कोण धावला आणि त्याच्यामागे कोण गेलं नाही, ते तिथे सापडेल. आणि संघ दमलेला असेल, अंतर राखणं जमत नसेल, तर सगळ्यांना एकत्र खाली बोलवा. एकत्र माघार घेणं हाही बचावच आहे आणि तोही तितक्याच गंभीरपणे शिकवायला हवा. अशा वेळी फॉरवर्डला "आता जाऊ नकोस" हे प्रशिक्षकानेच सांगायचं असतं, गॅलरी काहीही ओरडत असली तरी.