अवघड जागेचं दुखणं

तू घरात कुणाला सांगणार नाहीस, म्हणून मीच विषय काढते. मंगळवेढ्याहून पंढरपूरला सायकल नेलीस, परत आणलीस, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर झाले. पाय शाबूत आहेत, दमही पुरला. पण आता खुर्चीवर बसताना एका बाजूला कलतेस, बाथरूमला गेलीस की चरचरतं, आणि पुढच्या रविवारचं नाव काढलं की काहीतरी कारण पुढे करतेस. अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य, तशी आपली गत. सायकल दुरुस्त करणारा पुरुष, ग्रुपमधले काका पुरुष, घरात बाबा आणि दादा. सांगायचं कुणाला? मला सांग. मी तुझी ताई आहे, आणि मीही त्याच रस्त्यांवर सायकल चालवते.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. दुखतंय म्हणजे तू नाजूक आहेस, असं अजिबात नाही. सगळे म्हणतात, "होईल सवय." ते अर्धंच खरं आहे. नव्यानं लांब जायला लागलं की सुरुवातीचे काही आठवडे बुडाची हाडं ठणकतात. एक-दोन दिवस आराम केला की ठणका उतरतो, आणि हळूहळू येईनासा होतो. ही सवय होते. पण मधल्या नाजूक भागाला मुंग्या येणं, तो बधिर होणं, सूज येणं, कातडी सोलणं, याची सवय होत नसते. दात-ओठ खाऊन सोसायची ती गोष्टच नव्हे. तिथे सीट तरी चुकलेली असते, नाहीतर ती बसवलेली चुकलेली असते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजू नकोस. ब्रिटनच्या ऑलिंपिकला जाणाऱ्या सायकलपटू मुलीसुद्धा वर्षानुवर्षं हेच सोसत होत्या. शर्यतीच्या नियमानं सीट जवळजवळ सपाट ठेवावी लागे आणि पुढे वाकून जोर लावताना सगळा दाब नाजूक भागावर यायचा. त्या बोलल्या, त्यांच्या संघाच्या तज्ज्ञांनी ते अभ्यासलं, जागतिक सायकलिंग संघटनेपुढे मांडलं, आणि २०१६ पासून सीटचं टोक नऊ अंशांपर्यंत झुकवायला परवानगी मिळाली. बायका बोलल्या म्हणून जगाचा नियम बदलला. आपल्याला तर घरच्या सायकलचा एक नट ढिला करायचाय.

म्हणून नवी सीट आणायची घाई करू नकोस. आधी पाना हातात घे. साध्या सायकलच्या सीटखाली दोन्ही बाजूंना नट असतात, त्यांना बहुतेक १३ नाहीतर १४ नंबरचा पाना लागतो. गिअरच्या सायकलला एलन की लागते. शिकून घे, दहा मिनिटांचं काम आहे.

पहिली बघायची ती उंची. आपल्याकडे मुलींच्या सायकलची सीट हमखास खाली असते, कारण लहानपणी शिकवताना सांगितलेलं असतं, "बसल्या जागी दोन्ही पाय टेकले पाहिजेत." चौकापर्यंत जाऊन यायला ते ठीक आहे. पण सीट खाली असली की गुडघे दुमडलेले राहतात, पाय पायडलवर जोर देत नाहीत आणि सगळं वजन बुडावर बसतं. भिंतीला टेकून सायकलवर बस, टाच पायडलवर ठेव आणि पायडल अगदी खाली ने. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवलास की गुडघ्याला थोडा बाक येतो, तो बरोबर. फार वर घेतलीस तर प्रत्येक फेरीला कंबर डावी-उजवी डुलते आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासून घासून साल निघतं. सीटच्या दांड्यावर एक खूण कोरलेली असते, ती खूण बाहेर दिसेल इतका दांडा वर ओढायचा नाही. आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, सीटवर बसून पाय टेकायचे नाहीत. हे दोन दिवसांत जमतं.

मग सीटचा कल. एक सरळ फळी किंवा मोठी वही सीटवर पुढून मागे लांबीत ठेव आणि बाजूनं लांबून बघ. टोक वर उचललेलं असेल तर तुझ्या दुखण्याचं कारण तिथेच सापडलं. सीट सपाट ठेव, पुढून दाब वाटत असेल तर टोक अगदी किंचित खाली घे. पण जास्त खाली घेतलंस तर तू पुढे घसरत राहशील, सगळा भार मनगटांवर येईल आणि बोटं बधिर होतील. साध्या सायकलच्या सीटचा कल दात्यांवर बदलतो, त्यामुळे एकदम दोन दाते पुढे जाऊ नकोस. एक दाता बदल, पाच-सहा किलोमीटर चालव, मग ठरव.

तिसरं, सीट पुढे-मागे. पायडल आडवे कर, पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याच्या ओळंब्यासारखा दोरा सोड, खाली एक नट बांध. दोरा साधारण पायडलच्या मधोमध पडला पाहिजे. आणि हँडल बघ. आपल्यापैकी पुष्कळ जणी दादाची नाहीतर नवऱ्याची सायकल चालवतात. हँडल लांब पडतं, तिथपर्यंत पोचायला आपण ताणून वाकतो, ओटीपोट पुढे कलतं आणि हाडांवर बसायच्या ऐवजी आपण नाजूक भागावर बसतो. तिथे सीट दहा वेळा बदललीस तरी काही होणार नाही. हँडल थोडं वर आणि जवळ घ्यावं लागतं, त्यासाठी आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, मिळतो.

एवढं सगळं करूनही दुखलं, तरच नव्या सीटचा विचार कर. आणि इथे बहुतेक जणी एकच करतात, दुकानात जाऊन अंगठ्यानं दाबून बघतात आणि सगळ्यात मऊ, जाड जेलची सीट उचलतात. काळ्या रानात पावसाळ्यात पाय रुतला की बोटांच्या मधून चिखल वर येतो ना, तसंच मऊ सीटचं होतं. हाडं आत रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका जिथे नको तिथे दाबतो. पहिले चार किलोमीटर स्वर्ग वाटतो, तास उलटला की खरं काय ते कळतं. वरून घालायच्या जेलच्या कव्हरचंही तेच, शिवाय ते सरकतं आणि गोळा होतं. लांबच्या वाटेला सीट थोडी टणक असावी आणि हाडांना बरोबर आधार देणारी असावी.

हाडांचा आधार म्हणजे रुंदी, आणि ती घरीच मोजता येते. किराणा दुकानातून नालीदार पुठ्ठ्याचा खोका आण, त्याचा एक तुकडा दगडी पायरीवर ठेव. पातळ कपड्यावर त्याच्यावर बस, थोडी पुढे वाक आणि टाचा जराशा वर उचल. अर्धा मिनिट बस. उठून त्यावर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरव आणि बोटानं हलकेच पसर. दोन खळगे उठून दिसतील. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोज. थोडं पुढे वाकून चालवत असशील तर त्यात साधारण दोन सेंटीमीटर मिळव, ताठ बसून चालवत असशील तर तीन किंवा थोडं जास्त. ही तुझ्या सीटची रुंदी. चांगल्या सीटवर १४३, १५५, १६८ असे आकडे असतात, ती मिलिमीटरमधली रुंदीच असते. बायकांची ही हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा एकमेकांपासून जास्त लांब असतात, म्हणून पुरुषांच्या सायकलबरोबर आलेली अरुंद सीट आपल्याला बोचते. पण प्रत्येकीचं माप वेगळं. मैत्रिणीला जी सीट मानवली ती तुला मानवेलच असं नाही, आणि डब्यावर 'लेडीज' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नकोस.

ताठ बसण्याचा मुद्दा नीट समजून घे. लेडी बर्डसारख्या सायकलवर आपण जवळजवळ सरळ बसतो, तेव्हा सगळं वजन मागे जातं. तिथे रुंद, स्प्रिंगची सीट बरोबर असते. गिअरच्या सायकलवर वाकून बसतो, वजन हात, पाय आणि बूड यांच्यात वाटलं जातं. तिथे तीच रुंद सीट मांड्यांना घासते. सीट तुझ्या बसण्याला शोभली पाहिजे.

मधे खाच किंवा भोक असलेल्या सीट मिळतात, त्या बऱ्याच जणींना मानवतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बायकांसाठी तशी सीट बाजारात आणली. पण काहींना त्या खाचेच्या कडाच टोचतात, त्यांनी उथळ खाचेची बघावी. ब्रिटनच्या ब्रूक्स कंपनीच्या कातडी सीटची खूप तारीफ ऐकशील. कंपनी १८६६ पासूनची आहे आणि कातडं चालवून चालवून आपल्या अंगाचा आकार घेतं, हे खरं. पण ती महाग, सुरुवातीला दगडासारखी कडक आणि पावसात जपावी लागते. तुला आत्ता तिची गरज नाही. घेताना दुकानदाराला आधी विचार, चालवून पटली नाही तर बदलून देणार का? हे विचारायला लाजायचं नाही. चपलेची जोडी आपण चालून बघतो, मग सीट का नाही?

आता कपड्यांचं. पॅडची सायकलिंग शॉर्ट घे, आणि तिच्या आत निकर घालायची नाही. हे कुणी सांगत नाही. निकरची शिवण आणि ओला कापूस हेच घासतात. वरून सैल ट्रॅक पँट किंवा कुर्ता घाल, कुणाला काही दिसत नाही. पण सलवारीची जाड शिवण मधोमध येईल असं काही नको. घरी आल्या आल्या शॉर्ट बदल, धू आणि उन्हात वाळव, आपल्याकडे उन्हाची कमी नाही. निघताना मांडीच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव. पावडर लावू नकोस, ती घामात गोळा होते. लांब जायच्या आदल्या दिवशी तिथले केस रेझरनं काढू नकोस, केसांच्या मुळाशी फोड येतात.

पाळीत सायकल चालवायची की नाही, ते तुझं अंग ठरवेल, दुसरं कुणी नाही. चालवणार असशील तर सॅनिटरी पॅडच्या कडा घासतात हे लक्षात ठेव. कप किंवा टॅम्पॉन वापरत असशील तर बरं पडतं. नाहीतर त्या दिवसांत पल्ला छोटा ठेव, काळी शॉर्ट घाल आणि एक जादा पॅड सीटखालच्या पिशवीत असू दे.

आणि पाणी पी. वाटेत बाथरूम नाही म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. सोलापूर रस्त्याचं ऊन तुला माहीत आहे. पाणी कमी, घाम जास्त, वर दाब आणि घर्षण, मग लघवीची जळजळ होणारच. निघायच्या आधीच ठरव, कुठल्या पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर थांबायचं. स्वच्छतागृहाची किल्ली हक्कानं माग. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पायडलवर उभी राहून थोडं चालव, म्हणजे तिथला रक्तपुरवठा मोकळा होतो. मुंग्या आल्या तर सरळ उतर आणि पाच मिनिटं चाल.

मात्र घरी येऊन काही तासांनीही बधिरपणा गेला नाही, एका बाजूला गाठ किंवा सूज लागली, फोड मोठा होऊन ठणकायला लागला, ताप आला, किंवा लघवीची जळजळ दुसऱ्या दिवशीही राहिली, तर डॉक्टरकडे जायचं. बाई डॉक्टर हवी असेल तर तशी बघू, मी येते बरोबर. फोड घरी फोडायचा नाही, आणि तो बरा होईपर्यंत सायकलला हात लावायचा नाही.

सीट बदललीस की लगेच लांबच्या वाटेला लागू नकोस. आधी माचणूरपर्यंत जा, भीमेकाठी सिद्धेश्वराचं दर्शन घे, परत ये. तीसच्या आसपास किलोमीटर होतात. तिथे कुठे दाबतंय, कुठे घासतंय ते बघ आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. उंची आणि कल एकदम बदललेस तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही. पटलेल्या उंचीवर दांड्याला रंगीत टेप गुंडाळ, म्हणजे सायकल कुणी नेली तरी परत तिथेच लावता येते. माचणूर निवांत झालं की पंढरपूर. ते जमलं की सोलापूर जाऊन-येऊन, म्हणजे शंभरावर. तू म्हणतेस ती २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांत पुरी करायची असते. एवढा वेळ दुखऱ्या बुडावर कुणीच काढू शकत नाही, पण नीट बसवलेल्या सीटवर तू नक्की काढशील. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी दोन मुलांची आई असताना, २०२२ मध्ये, लेह ते मनाली ५५ तास १३ मिनिटांत सायकलवर पार केलं. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सायकलवर जगाला फेरी मारून आली, विशीतली पोर. बाईच्या शरीराला लांबचा पल्ला झेपतो, फक्त ते नीट बसलेलं पाहिजे.

आणि हे स्वतःपुरतं ठेवू नकोस. शाळेला रोज सायकलवर येणाऱ्या कितीतरी मुली पुढे सायकल सोडून देतात. कुणाची सायकल भावाकडे जाते, कुणाला घरून नको म्हणतात, पण काहींना नुसतं दुखत असतं आणि ते त्या कुणालाच सांगत नाहीत. तुझ्या ओळखीत अशी एक तरी असेल. पाना घेऊन तिच्याकडे जा. तिची सीट उंच कर, टोक सपाट कर, आणि मग तिला बाजूला घेऊन स्पष्ट विचार, "कुठे दुखतं तुला?" ती सांगेल.